बटणाचं टोपरं

१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. बटण घरी आला हे कळलं. (तू बटण म्हणतेस म्हणून मीही म्हणते. नाव ठरेपर्यंत काहीतरी म्हणायला हवंच.)

फोनपेक्षा पत्रंच लिहीत राहू या, हे तुझं म्हणणं पटलं. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान खोडता येतं.

घरी आल्यावर त्याच्याकडे काय पाहायचं, असं तू विचारलंस. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. वेळेआधी जन्मलेली मुलं घरी गेली की पुढची दोन वर्षं आमच्या विभागात तपासणीला येतात. त्यांचं डोकं, लांबी, वजन मोजायचं आणि आलेखावर टिंब द्यायचं, हे माझं काम. तेवढ्यापुरतंच मला कळतं.

बटण दहा आठवडे आधी आला. त्याची वाढ बघताना हे दहा आठवडे वयातून वजा करायचे. जन्माला सव्वातीन महिने झाले असले तरी तो महिन्याभराचाच आहे, असं धर. शेजारपाजारच्या मुलांशी तुलना करू नकोस, हिशेब चुकेल.

सगळ्यात महत्त्वाचं डोकं. दवाखान्यात काचेच्या पेटीत असताना त्याच्या डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्रावाचा एक बारीक डाग दिसला होता. बहुतेक मुलांत तो विरून जातो. काहींत पुढे डोक्यात पाणी साठतं, आणि ते सगळ्यात आधी मापात दिसतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी डोक्याचा घेर मोज. भुवयांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. सेंटीमीटरमध्ये. लांबीही मोज. वजन दवाखान्यातल्या काट्यावर होईल. आकडे मला कळव, आलेख मी काढते.

गिऱ्हाइकांच्या अंगाला लागलेली टेप त्याला लावू नकोस. त्याच्यासाठी वेगळी ठेव आणि दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून घे. जंतुसंसर्ग त्याला परवडणार नाही.

बाकी ठीक.

— धाकटी


२२ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र आलं. दोनदा वाचलं, मग मशीनच्या खणात ठेवलं. तुझ्या भावोजींना फोनवर वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ही पत्र लिहिते की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी? ते अजून रस्त्याच्या कामावरच आहेत. दोन महिन्यांनी चार दिवस येतात, त्यातला एक दिवस झोपण्यात जातो.

तुझ्या हुकमाप्रमाणे वेगळी टेप काढली. आईची. बटणांच्या डब्यात तळाला होती, गुंडाळी करून रबर लावलेली. आठवते ना? पिवळी, एका टोकाला पत्रा. दुकानात ती मी कधीच वापरली नाही. ती आयुष्यभर आपल्या दोघींच्याच फ्रॉकांना लागली, म्हणजे तुझे जंतूही घरचेच. त्याच्या वाटी-चमच्याबरोबर उकळून घेते.

डोकं साडेछत्तीस. लांबी एकावन्न. आमचं सगळं इंचात चालतं, म्हणून तीनदा बघितलं. मोजताना पठ्ठ्या असा बघत होता की जणू शिलाई महाग लावली मी.

त्याला एक टोपरं शिवलंय, मऊ कापडाचं, पांढरं, कडेला निळी पट्टी. डोक्यावर चढवलं की म्हाताऱ्या न्यायाधीशासारखा दिसतो.

दुकान पुढच्या खोलीत, तो मागच्या खोलीत, मधे पडदा. गिऱ्हाइक बायका पडद्याकडे मान लांब करतात. मी म्हणते, अजून बाहेर काढत नाही त्याला. मग त्या कापड ठेवून जातात. पूर्वी एकेक बाई तासतास बसायची. आता कुणी बसत नाही. मीच बसू देत नाही म्हण.

तुझ्या पत्रात त्याच्या डोक्यावर अख्खा परिच्छेद आहे. माझ्या डोक्याबद्दल एक ओळ नाही. बघ बाई, उंटावरून शेळ्या हाकते आहेस, तर एक शेळी मीही आहे.

— ताई


९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आणि त्यानंतरचं सहा तारखेचं कार्ड, दोन्ही मिळाली. डोकं साडेछत्तीसवरून साडेसदतीस. योग्य चाललंय. वजनही रेषेला धरून आहे. लांबी अपेक्षेपेक्षा चांगली.

तू कशी आहेस, हे मी विचारलं नव्हतं. विचारते. झोप किती मिळते? मधे कुणी येतं का मदतीला?

इथे काही नवं नाही. खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या जिन्यावर उघडते. कोण कधी घरी येतं ते मला पायांच्या आवाजावरून कळतं, चेहरे माहीत नाहीत. घरमालकीण भाडं दाराच्या फटीतून घेते. तिला वाटतं दवाखान्यातली माणसं रोग घेऊन येतात.

कामावर दिवसभर माणसं असतात. आया रांगेत बसतात, मी नंबर पुकारते. मूल उघडं करायचं, मोजायचं, परत गुंडाळायचं. ज्यांचं बरं चालतं त्या हळूहळू यायच्या बंद होतात. ते बरोबरच आहे, त्यासाठीच आम्ही आहोत. पण त्यामुळे जी मुलं नीट वाढली त्यांना मी शेवटी कधी पाहिलं, ते मला कधीच सांगता येत नाही.

तुझं आकड्यांचं कार्ड आलं की बरं वाटतं. पाठवत राहा.

— धाकटी


४ जानेवारी

धाकटे,

हे घे आकडे. वीस डिसेंबरला एकोणचाळीस, काल साडेचाळीस. लांबी पंचावन्न! लांबीला आपल्या बाबांवर जाणार बहुतेक. मी मधल्या पडद्याला सांगून आले, दुसरं कोण आहे सांगायला?

तू विचारलंस म्हणून सांगते. झोप मिळते तेवढी मिळते. मदतीला समोरची बाई यायची, तिला सर्दी झाली म्हणून मी दारातूनच परत पाठवलं. सर्दी गेली तरी ती आली नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, पण मी फुंकून फुंकून माणसंच उडवून लावली असं वाटतं.

आईच्या टेपचा पिवळा रंग उकळून उकळून निघून गेला. सुती नाडीसारखी मऊ झाली आहे, आकडे मात्र वाचता येतात. दीड महिन्यापूर्वीचं टोपरं अजून चालतंय, मीच सैल बेतलं असणार. आई असती तर म्हणाली असती, बावीस वर्षं कात्री धरून हिला अजून बेताचं कळत नाही.

तो आता आवाजाकडे वळतो. मशीन चालू केलं की थांबतो आणि ऐकतो. मशीन थांबलं की रडतो. मग मी रिकामंच मशीन चालवत बसते, दोरा न ओवता. परवा एक बाई आत आली आणि म्हणाली, काय शिवताय? मी म्हटलं, वेळ.

तू एकदा बघायला हवं होतंस त्याला. हे मी मागेही लिहिलं होतं, तो पेटीत होता तेव्हा. त्यावर तू तीन पानी उत्तर पाठवलं होतंस, त्यात ऑक्सिजनवर दीड पान होतं.

— ताई


११ जानेवारी

ताई,

हे पत्र शांतपणे वाच.

मी चारही मापं आलेखावर मांडली. डोक्याची रेषा वर चालली आहे. मूल एका रेषेवर राहून वाढतं, तसं हे नाही. सहा आठवड्यांत त्याने दोन रेषा ओलांडल्या आहेत. वजन मात्र आधीच्याच रेषेवर आहे. फक्त डोकंच पुढे गेलं आहे.

याचा अर्थ डोक्यात पाणी साठत असू शकतं. असेलच असं नाही. पण थांबून पाहण्यासारखं हे नाही. पुढच्या गोष्टी बघ: टाळू फुगलेली, ताणलेली वाटते का? दूध जोरात उलटतो का? बुबुळं खाली उतरल्यासारखी दिसतात का? नेहमीपेक्षा जास्त झोपतो का?

यातलं काहीही नसलं तरी जा. जिथे तो जन्मला त्याच मोठ्या दवाखान्यात. टाळूवरून सोनोग्राफी करायला सांग. मापांचा कागद सोबत जोडते, डॉक्टरांना दाखव. पाणी वाढत असेल तर ते पोटात उतरवायला बारीक नळी बसवतात. आमच्याकडे नळी बसवलेली मुलं येतात. वेळेवर झालं तर पुष्कळांचं चांगलं होतं. उशीर झाला तर तसं सांगता येत नाही.

हे पत्र जलद डाकेने पाठवते. मिळालं की दुसऱ्या दिवशीच नीघ.

— धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तीन आठवडे झाले. पत्र नाही. मी फोन केला, पाचसहा वेळा. वाजतो आणि बंद होतो. भावोजींचा लागत नाही. दवाखान्यात विचारलं, ते नात्याचा पुरावा मागतात.

काय झालं ते लिही. काहीही झालं असलं तरी लिही.

त्याचा आलेख मी कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. घरमालकिणीने विचारू नये म्हणून आतून. सकाळी कपडे काढताना तो दिसतो. शेवटचं टिंब तीन जानेवारीचं आहे. त्याच्यापुढे कागद कोरा आहे.

एकोणीस तारखेला मी रजा टाकली होती. बॅग भरली. मग वाटलं, मी येऊन काय करणार, मोजणारच ना. रजा परत घेतली.

तो पेटीत असताना मी का आले नाही, ते मी तुला लिहिलं नाही. काचेतली मुलं मी रोज बघते, त्यांच्या नळ्यांचे अर्थ मला कळतात. त्यातलं एक आपल्या घरचं असलेलं बघण्याची माझी तयारी नव्हती. दुसरं कारण नव्हतं.

उत्तर दे.

— धाकटी


७ फेब्रुवारी

धाकटे,

तो बरा आहे. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचशील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका बाईचा गळा कापत होते. म्हणजे झग्याचा. पत्र वाचलं आणि तिला म्हटलं, उद्या या. तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खरं झालं असतं.

तू लिहिलेल्या गोष्टी रात्रभर बघत बसले. टाळूवर हात ठेवला की फुगलेली वाटायची, काढला की नाही वाटायची. बुबुळं बघायला त्याला झोपेतून उठवलं. सकाळी पहिल्या गाडीने निघाले. त्याला पोटाशी बांधलं होतं, वरून माझा कोट. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला मी म्हटलं, जरा तिकडे सरकता? तो उठून उभाच राहिला, दोन तास. मी त्याचे आभारही मानले नाहीत.

तिथे त्यांनी आधी त्याचं डोकं मोजलं. कागदाच्या टेपने. ती मुलगी तुझ्याच वयाची होती, तुझ्यासारखीच, तोंडावर काही दिसू न देणारी. एकोणचाळीस म्हणाली. मी म्हटलं, बाई, दहा दिवसांपूर्वी साडेचाळीस होतं, डोकी कमी होत नाहीत. तिने परत मोजलं, पुन्हा एकोणचाळीस. मी तुझा कागद पुढे केला. डॉक्टर आले, त्यांनीही मोजलं. मी त्यांच्याशी वाद घातला, धाकटे. म्हटलं, माझं पोट मापावर चालतं, मला मोजायला शिकवू नका. ते हसले नाहीत. सोनोग्राफी केली. पाणी नाही. डाग होता तोही पुसट झाला आहे. मग ते म्हणाले, तुमची टेप कुठली?

घरी आले आणि आईची टेप बेतायच्या टेबलावर दुकानातल्या टेपशेजारी लावली. तीन बोटं आखूड आहे. प्रत्येक उकळीला थोडी थोडी आटत गेली. गिऱ्हाइकाचं सुती कापड मी आधी भिजवून मगच बेतते, आटतं म्हणून. हे मला माहीत आहे! आणि त्याच्या डोक्याला लावायच्या टेपचं माझ्या मनातही आलं नाही. तू उकळ म्हणालीस, मी उकळली. दोघींनी मिळून आईची टेप आटवली.

आता दुसरं ऐक. त्या टेपने मी त्याची लांबीही मोजत होते. पंचावन्न नाही तो. त्रेपन्न आहे. मी पडद्याला सांगितलेलं सगळं खोटं. बाबांवर वगैरे काही गेला नाही. दवाखान्यात म्हणाले, लांबीला मागे आहे, लक्ष ठेवावं लागेल. डोक्याचं ऐकून मी इतकी हलकी झाले होते की ते वाक्य मला घरी पोचल्यावर ऐकू आलं.

फोन तूच करत होतीस हे मला कळत होतं. उचलला नाही. जाण्याआधी उचलला नाही, कारण तू अजून एखादा आकडा सांगशील असं वाटलं. आल्यावर उचलला नाही, कारण मला राग आला होता. पाणी नव्हतं याचा राग येतो का माणसाला? मला आला. ती रात्र मी एकटीने काढली, आणि ती रात्र कशासाठीच नव्हती.

टोपरं बसतंय असं मी लिहिलं होतं तुला. तू आकडे वाचलेस, टोपरं वाचलं नाहीस.

— ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. कामावरच मिळालं, कारण मी टपालवाल्याला तिथला पत्ता दिला होता. औषधांच्या खोलीत जाऊन वाचलं.

टोपरं मी वाचलं होतं. रंग निघाल्याचंही वाचलं होतं. दोन्ही वाक्यं मला ते पत्र न काढता आठवतात. ती मी गप्पा म्हणून बाजूला ठेवली आणि आकडे वहीत घेतले. आमच्याकडे टेप कागदाची असते, एका मुलाला वापरून टाकून देतात. तुझ्याकडे सुती असेल, हे उकळ म्हणताना माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी आहे. ती रात्र माझ्यामुळे गेली.

पहिली मापं दुरुस्त करता येतात का ते पाहिलं. येत नाहीत. कोणत्या उकळीला किती आटली ते आपल्याला माहीत नाही. म्हणून आलेख काढून टाकला. डोक्याचं आणि लांबीचं खरं टिंब एकच, दवाखान्यातलं. वजनं खरी आहेत, ती ठेवली. कपाटाच्या दाराला चार चिकटपट्ट्यांच्या खुणा राहिल्या आहेत. रोज सकाळी मी तिथे बघते, सवयीने.

आता लांबीबद्दल. तू खरं विचारशील म्हणून खरं लिहिते. दहा आठवडे वजा करूनही तो सगळ्यात खालच्या रेषेच्या किंचित खाली आहे. यातली बरीच मुलं दोन वर्षांपर्यंत भरून काढतात. काही लहानच राहतात. तो कोणत्यात आहे हे आज कुणीही सांगू शकत नाही, मी तर नाहीच. वजन आणि डोकं नीट आहे, ही चांगली बाजू. दवाखान्यातली तारीख चुकवू नकोस.

कागदी टेपांचं एक बंडल वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. त्या उकळायच्या नाहीत.

आईची टेप टाकू नकोस.

— धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

बंडल पोचलं. मी उघडलं नाही.

राग गेला. गेला म्हणजे, शिवताना बोटात सुई जाते तसा होता, आता फक्त बोट दाबलं की कळतो.

आईची टेप कोण टाकतंय? ती त्याला दिली आहे. तो एक टोक तोंडात घालतो आणि दुसरं मुठीत धरतो. आता कितीही आटली तरी कुणाचं बिघडत नाही. समोरची बाई काल आली. मीच दारात जाऊन हाक मारली. ती तासभर बसली, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, किती एवढासा आहे गं. मी म्हटलं, हो, एवढासाच आहे. पहिल्यांदाच म्हटलं, कुणासमोर.

आता कामाचं. एका गिऱ्हाइकाने राखाडी रंगाचं चांगलं कापड न्यायचं नाकारलं, ते मी ठेवून घेतलं. तुझ्यासाठी एक कोट निघेल. पण माझ्या वहीत तुझं माप आहे ते तू शिकायला बाहेर गेलीस त्या वर्षीचं, आईने घेतलेलं. छातीपुढे तिने लिहिलंय, ‘वाढेल’. त्या मापावर बेतता येणार नाही.

आणि माप पत्राने घेत नाही मी. एकदा घेऊन बघितलं, काय झालं ते माहीत आहे तुला. अंगावर टेप लावावी लागते, माणसाला समोर उभं राहावं लागतं.

त्याचं डोकं यापुढे तू मोज. मला आवडत नाही ते काम.

— ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

रजा मिळाली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पोचेन. तू स्टेशनवर येऊ नकोस, त्याला वाऱ्यात काढू नकोस. रस्ता मला येतो. मला सर्दी नाही, तरी आल्या आल्या आधी हात धुवेन, मग आत येईन.

डोकं मोजेन, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी टोपरं घालून दाखव.

कोटाचं म्हणशील तर बाह्या बहुतेक तेवढ्याच असतील. बाकीची मापं मला सांगता येत नाहीत. मधल्या वर्षांत कुणी घेतलेली नाहीत.

घंटा वाजवणार नाही, तो झोपलेला असेल. पुढचं दार नुसतं लोटून ठेव. मी पडद्याजवळ थांबेन.

— धाकटी